मानेवरचा ‘मळ’ आणि आमचा जमाखर्च

प्रथमच सांगून टाकतो की मी डॉक्टर नाही. हिशेब तपासणे हा माझा व्यवसाय. या सदरात यापूर्वी दोन-तीन वेळा लिहिले तेही गावी पैसे पाठवणे, मुदत ठेवी, पॉलिसी अशा रुक्ष विषयांवर. त्यामुळे आज आरोग्यावर लिहायला बसलेला पाहून काही मित्रांच्या भुवया उंचावतील. पण गेल्या वर्षी आमच्या घरी जे घडले ते निम्मे आरोग्याचे होते आणि निम्मे पैशांचे. शिवाय ते केवळ आमच्याच घरी घडत असेल असे मला वाटत नाही. म्हणून हा खटाटोप.

आम्ही इंटरनॅशनल सिटीत फ्रान्स क्लस्टरमध्ये राहतो. ज्यांनी आमची वसाहत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, इथे चीन, इंग्लंड, इटली, स्पेन, रशिया, ग्रीस, मोरोक्को, पर्शिया असे सगळे जग चालत ओलांडता येते. घरे मात्र बेताची. एका खोलीत संसार, दुसऱ्या खोलीत अभ्यास. अशा घरात कुणाचे काही लपून राहत नाही असा आपला समज. तो समज किती चुकीचा होता ते आता सांगतो.

गेल्या डिसेंबरात माझी आई साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आली. दुसऱ्याच दिवशी नातीची वेणी घालता घालता ती म्हणाली, “अगं, मान घासत नाहीस का नीट? केवढा मळ साठलाय!” आमची कन्या तेरा वर्षांची. मानेच्या मागच्या बाजूला काळपट, जाडसर, मखमलीसारखा लागणारा पट्टा होता खरा. तो आम्हीही पाहिला होता, पण उन्हाने असेल, घामाने असेल असे म्हणून सोडून दिले होते. आजीने ‘मळ’ म्हटल्यावर मात्र घरात मोहीम सुरू झाली. आधी बेसन आणि दही, मग लिंबू, मग दिवाळीचे उरलेले उटणे. त्यानेही भागेना म्हणून सौ.ने दुकानातून अंग घासायचा लिफा आणला. मीही जाता-येता “आज घासलीस का?” असे विचारून बापाचे कर्तव्य पार पाडू लागलो!

त्यापुढची पायरी म्हणजे सौंदर्योपचार केंद्र. तिथल्या बाईंनी “चार बैठकांत रंग उजळेल” असे सांगून चार बैठका केल्या, आणि घरी लावायला एक मलम दिले ज्याच्या डबीवर आतल्या घटकांचे नावही नव्हते. काळेपणा तसूभरही हलला नाही. कन्येने मात्र केस वर बांधणे बंद केले. पोहण्याच्या तासाला पोट दुखू लागले. मंडळाच्या लेझीमच्या सरावाला ती गळ्याभोवती ओढणी गुंडाळून जाऊ लागली. आम्ही म्हटले, वय आहे, चालायचेच.

मग एका रात्री साडेअकराच्या सुमारास न्हाणीघरातून बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. दार ढकलले तर पोरगी स्वयंपाकघरातली भांडी घासायची घासणी घेऊन मान घासत होती. टॉवेलवर रक्ताचे ठिपके होते. मला पाहून म्हणाली, “बाबा, मी खरंच रोज घासते हो.”

वाचकहो, ते वाक्य मला आजही झोपू देत नाही. अस्वच्छतेचा आरोप आम्ही तिच्यावर तीन महिने ठेवला होता आणि ती बिचारी रोज निर्दोष असल्याचा पुरावा देत होती!

दुसऱ्या दिवशी तिला जवळच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाई केरळच्या. त्यांनी मान पाहिली, काखा पाहिल्या, बोटांची पेरे पाहिली आणि मलमाबद्दल एक शब्दही न बोलता विचारले, “घरात मधुमेह कुणाला आहे?” माझ्या आईला वीस वर्षांपासून आहे. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही जरा कॉलर खाली करा.” मी केली. माझ्याही मानेवर तोच पट्टा, शिवाय बारीक बारीक लोंबत्या चामखिळी. एकावन्न वर्षे ती मान माझ्या खांद्यावर आहे, पण कॉलरखाली काय आहे ते मी कधी पाहिले नव्हते.

रक्त तपासले. कन्येचे तीन महिन्यांच्या साखरेचे प्रमाण, ज्याला एचबीएवनसी म्हणतात, ते ५.८ आले. म्हणजे मधुमेह नाही, पण वेशीवर उभा आहे. माझे आले ७.६. म्हणजे मी वेस ओलांडून कधीच आत शिरलो होतो. पोरीच्या मानेने बापाचा आजार उघडकीस आणला, असेच म्हणायचे.

या त्वचेच्या अवस्थेचे वैद्यकीय नाव आहे ‘ॲकॅन्थोसिस नायग्रिकन्स’. नाव बोजड आहे, पण गोष्ट विरळा नाही. मान, काखा, जांघा, कोपर, बोटांची पेरे, कधी कधी स्तनांखाली, जिथे जिथे त्वचेची घडी पडते तिथे ती दिसते. १८९० च्या सुमारास युरोपातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी तिचे प्रथम वर्णन केले. त्या काळी पोटातल्या कर्करोगाशी तिचे नाते जोडले जाई. इन्शुलिनशी असलेले नाते ठळकपणे पुढे आले ते १९७६ साली, अमेरिकेतील डॉ. रोनाल्ड कान आणि सहकाऱ्यांच्या निबंधातून.

डॉक्टरीणबाईंनी समजावले ते मी माझ्या भाषेत सांगतो. आमच्या इमारतीत संध्याकाळी जेवण पोचवणारी मुले येतात. समजा, एका घराचे दार काही उघडत नाही. मागवणाऱ्याने पुन्हा मागणी केली, दुकानाने दुसरा मुलगा पाठवला, तरी दार बंद. मग तिसरा, चौथा, पाचवा. बोळात गर्दी झाली की ही मुले शेजारच्या बेल वाजवू लागतात. आपल्या शरीरात इन्शुलिनचे हेच होते. रक्तातली साखर पेशींत पोचवणे हे त्याचे काम. पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड अधिक इन्शुलिन पाठवते. हे जादा इन्शुलिन मग त्वचेच्या पेशींवरच्या, वाढीसाठी असलेल्या दुसऱ्याच घंटा वाजवते. त्या पेशी बापड्या हुकूम समजून वाढत सुटतात. त्वचा जाड होते, तिला बारीक घड्या पडतात, वरचा थर साचतो आणि ती काळी दिसते. चामखिळीसारखे ते लोंबते कणही पुष्कळदा याच्याच जोडीने येतात.

यातून दोन गोष्टी ध्यानात येतील. पहिली, हा मळ नव्हे. आतून वाढलेली त्वचा बाहेरून घासून कशी जाणार? उलट सतत घासल्यानेही त्वचा जाड आणि काळी पडते, हे त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. लिफा आणि नायलॉनच्या घासणीचा तो प्रताप वेगळाच! दुसरी, हे लक्षण साखर वाढण्याच्या पुष्कळ आधी दिसू शकते. स्वादुपिंड जादा काम करून साखर आटोक्यात ठेवत असते तोवर साधा रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. म्हणजे मान ही आपल्याला काही वर्षे आधी आलेली नोटीस असते. सूचनेची मुदत मिळणे किती मोलाचे असते ते हिशेबनिसाला विचारा.

अर्थात प्रत्येक काळ्या मानेमागे मधुमेहच असतो असे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. काही घराण्यांत ही त्वचा लहानपणापासूनच असते. पाळी अनियमित असणाऱ्या, अंगावर लव वाढणाऱ्या मुलींत बीजकोशाचा पीसीओएस हा विकार निघतो, आणि त्यातही इन्शुलिनचीच तक्रार असते. थायरॉइडची कमतरता, काही संप्रेरकांचे विकार, तोंडाने दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स, गर्भनिरोधक गोळ्या, जास्त मात्रेतील नायसिन हीही कारणे असू शकतात. आणि क्वचित, फारच क्वचित, कर्करोग. उतारवयात हा काळेपणा एकाएकी उमटला, झपाट्याने पसरला, तळहातांवर किंवा तोंडात दिसू लागला आणि वजन कारणाशिवाय घटू लागले तर एक दिवसही दवडू नये. म्हणूनच निदान डॉक्टरने करायचे. मी नाही, शेजारच्या काकूंनी नाही आणि सौंदर्योपचार केंद्रातल्या बाईंनी तर मुळीच नाही.

“पण आमची मुलगी काही लठ्ठ नाही,” असे कुणी म्हणेल. मीही म्हणालो होतो. याचे उत्तर आपल्या पुण्यातच मिळाले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. इंग्लंडमधील बाळांशी तुलना करता आपली बाळे वजनाने बरीच कमी भरली, पण त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार! २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांनी आपले स्वतःचे छायाचित्र ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्या शेजारी छापले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. तेव्हा वजनकाट्यावर विसंबून राहण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही. मोजायची ती कंबर. आपल्या लोकांत पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटर याच्या पुढे गेली की सावध व्हावे.

भारतातल्या आरोग्य संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या वेशीवर! आपण तर तिथली शरीरे घेऊन इथल्या राहणीत आलो. सकाळी गाडीत, दिवसभर खुर्चीत, रात्री पुन्हा गाडीत. कपात साखर, कंडेन्स्ड दुधाचा करक चहा, शुक्रवारी मित्रांकडे आणि शनिवारी मॉलमध्ये जेवण. इथल्या सरकारने २०१७ साली गोड फसफसत्या पेयांवर ५० टक्के आणि ऊर्जापेयांवर १०० टक्के उत्पादन शुल्क लावले, पुढे ते इतर गोड पेयांवरही आणले. सरकारला जी काळजी वाटली ती आपल्या घरच्या फ्रीजला अजून वाटत नाही.

आता माझ्या प्रांताकडे, म्हणजे पैशांकडे येतो. मानेवरच्या काळेपणावर आम्ही केलेला खर्च असा: सौंदर्योपचाराच्या चार बैठका, प्रत्येकी १५० प्रमाणे ६०० दिरहॅम. मलमाच्या तीन डब्या, १३५ दिरहॅम. साबण, लिफा वगैरे ६५ दिरहॅम. एकूण ८०० दिरहॅम. फायदा शून्य. तोटा, पोरीचा आत्मविश्वास, ज्याची नोंद कुठल्याही खातेवहीत होत नाही. याउलट दवाखान्यात दोघांची तपासणी आणि रक्तचाचण्या मिळून आमच्या खिशातून गेले ६२ दिरहॅम, कारण बाकीची रक्कम विम्याने भरली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरे काय!

दुबईत २०१३ च्या ११ क्रमांकाच्या कायद्याने आरोग्यविमा सक्तीचा झाला. नोकरदाराचा विमा मालकाने काढायचा, कुटुंबाचा ज्याने व्हिसा दिला त्याने. आपण दरवर्षी हप्ता भरतो आणि कार्ड पाकिटात ठेवून विसरतो. पॉलिसीचे कागद एकदा तरी वाचा. सौंदर्यासाठीचे उपचार विम्यात सहसा बसत नाहीत, पण डॉक्टरने आजाराच्या शंकेवरून सांगितलेली साखरेची तपासणी सहसा बसते. म्हणजे जे निरुपयोगी त्याला रोख पैसे आणि जे उपयोगी त्याचे आधीच भरलेले पैसे वाया, असा हा आपला उफराटा व्यवहार आहे.

काही मित्र म्हणतात, “तपासणी केली तर कागदावर आजार लागतो, मग पुढे भारतात विमा मिळत नाही. न तपासलेले बरे.” याच्याइतका घातक हिशेब मी पाहिलेला नाही. २०२४ च्या एप्रिलपासून भारतातील विमा नियामकाने आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला आहे. पूर्वी तो चार वर्षांपर्यंत असे. तेव्हा परतायचा विचार असेल तर चार-पाच वर्षे आधी, आजार स्पष्ट लिहून पॉलिसी घ्यावी, म्हणजे परत जाईपर्यंत तो काळ सरलेला असेल. लपवलेला आजार विमा कंपनीला नेमका दावा करायच्या वेळी सापडतो. आणि न तपासलेला मधुमेह डोळे, मूत्रपिंड आणि पाय यांच्याकडून व्याजासकट वसुली करतो. त्या वसुलीला कुठलीही सवलत नाही.

मलमांबद्दल दोन शब्द कडक लिहितो. रंग उजळण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या बेनामी मलमांत पारा किंवा तीव्र स्टिरॉइड निघाल्याची उदाहरणे वारंवार पुढे आली आहेत. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण नोंदवले. त्यातल्या १३ जणांनी अशी गोरेपणाची मलमे वापरल्याचे निघाले. २०१८ मध्ये भारत सरकारने स्टिरॉइडयुक्त १४ मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली ती उगाच नव्हे. आपल्या ओळखीची कुणी बाई सुटीहून येताना बॅगेत अशा डब्या आणते आणि हळदीकुंकवात वाटते. प्रेमाने आणते, हे मान्य. पण डबीवर घटकांची यादी नसेल तर ती डबी कचऱ्यात जावी.

मग उपाय काय? त्वचेसाठी त्वचारोगतज्ज्ञ योग्य मलम देऊ शकतात, त्याने दिसण्यात थोडा फरक पडतो. पण मुळावर घाव घालायचा तर इन्शुलिनची गर्दी कमी करायला हवी. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात वजन सात टक्क्यांनी घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे, एवढ्यावर मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. मेटफॉर्मिनच्या गोळीने ते ३१ टक्क्यांनी कमी झाले. मोठ्यांचे हे आकडे मुलांना जसेच्या तसे लावू नयेत, आणि वाढत्या मुलांना उपाशी तर मुळीच ठेवू नये. त्यांच्यासाठी गोड पेये बंद, खेळ रोज आणि झोप पुरेशी, एवढ्यापासून सुरुवात करावी, बाकी डॉक्टर सांगतील तसे.

आमच्याकडे ती आता सर्वांसाठी झाली आहे. पोरीला वेगळे ताट वाढले तर ती पुन्हा आरोपीच ठरेल, म्हणून नियम सगळ्या घराला. अवीरच्या मंडईतून आठवड्याची भाजी येते. ज्वारीची भाकरी, उसळ, ताक परत आले. घरात गोड सणावारीच. उन्हाळ्यात चालायचे कुठे हा प्रश्न आमच्या दारातल्या ड्रॅगन मार्टने सोडवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळपास सव्वा किलोमीटर, तेही गार हवेत! जाऊन-येऊन अडीच किलोमीटर होतात. अट एकच, पाकीट घरी ठेवून जायचे. दहा महिन्यांत माझे वजन सात किलोने उतरले, साखर गोळीच्या मदतीने ६.६ वर आली. कन्येची ५.५ झाली. तिच्या मानेचा पट्टा फिकट आणि मऊ झाला आहे, पूर्ण गेलेला नाही. कदाचित जाणारही नाही, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते.

आता मंडळाच्या कार्यकारिणीला तीन सूचना करतो. राग मानू नये. पहिली, गणेशोत्सवात महाप्रसादाच्या रांगेशेजारी एक टेबल मांडावे आणि आपल्यातल्या डॉक्टर मंडळींनी तिथे कंबर, रक्तदाब आणि साखर पाहावी. दुसरी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी शिंप्याची मोजपट्टी वाण म्हणून द्यावी. दोन दिरहॅमात येते आणि वर्षभर कामाला येते. तिसरी सूचना मनाला लागेल. आपल्या स्मरणिकेत ‘रंग उजळवा’ अशी पानभर रंगीत जाहिरात असते. तिचे पैसे मंडळाला लागतात, हे मला माहीत आहे, जमाखर्च मीच तपासतो. तरीही ती घेऊ नये. पहिल्या वर्षी जी तूट येईल तिचा वाटा म्हणून ८०० दिरहॅम माझ्याकडून घ्यावेत. एवीतेवी ते मी गेल्या वर्षी वाया घालवलेच होते.

आणि आई-आजींना हात जोडून विनंती. वेणी घालताना नातीची मान काळी दिसली तर तिला काही बोलू नका. आधी तिच्या आईबापांच्या माना पाहा, आणि मग सगळ्यांना घेऊन दवाखान्यात जा. माझ्या आईने फोनवर हे सारे ऐकून घेतले, बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मला तरी कुठे ठाऊक होतं रे. माझ्याही मानेवर होतं की. माझी सासू वीटकरीनं घासायला लावायची.”

यंदाच्या लेझीमला आमची कन्या पुढच्या रांगेत होती. केस वर बांधलेले होते. ओढणी कमरेला होती.